कंकणद्वीप, मार्गे धारूर

३ मार्च २०२५, सोमवार. आष्टी.

रिटायर होऊन वर्ष होत आलं. आजपासून रोजनिशी. ही वही दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

निश्चय: उरलेलं आयुष्य स्टँडवर गप्पा मारत घालवायचं नाही.

सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. दरवर्षी फळ्यावर कंकणद्वीप काढायचो. समुद्रात बांगडीसारखं प्रवाळाचं कडं, आत निळं, शांत पाणी. खडूने काढायला सोपं. प्रत्यक्ष समुद्र मात्र बघायचा राहिला. शाळेची सहल दोनदा कोकणात ठरली होती. दोन्ही वेळा वेरूळला गेली.

आज फोनवर जाहिरात आली. हिंदी महासागरातलं एक दूरचं कंकणद्वीप. वस्ती नाही. पक्षी संरक्षित, कासवं संरक्षित, खेकडेसुद्धा संरक्षित. तीन महिने राहून पक्ष्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायला व्हॉलंटिअर पाहिजेत. वयाची अट नाही. लगेच अर्ज भरला.

'पोहता येतं का?' समोर 'मध्यम' लिहिलं. पोहण्यामागचं शास्त्र मला पूर्ण माहीत आहे.

वनमाला मेथी निवडत होती. तिला सांगितलं. म्हणाली, जा की, पण खाऱ्या पाण्यात डाळ शिजती का ते विचारून घ्या. मूळ मुद्दा तिच्या लक्षात येत नाही.

५ मार्च

उत्तर आलं. 'आपला अर्ज मिळाला. आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत.' हा मेल संगणकाने पाठवला आहे असं तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय. पण भाषा फार आपुलकीची.

अल्ताफला दाखवला. त्याचा फळांचा गाडा स्टँडसमोर आहे, सगळी आष्टी तिथे थांबते. रोजा असल्यामुळे तो फार बोलत नव्हता. म्हणाला, मंग झालंच की सर तुमचं. मी म्हणालो, अजून काही टप्पे बाकी आहेत. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

संध्याकाळी स्टँडवर जो भेटेल तो अभिनंदन करत होता. प्रत्येकाला टप्पे समजावत बसणं बरं दिसत नाही.

७ मार्च

फ्लेक्स लागला. बाजार समितीच्या मोहनरावांनी लावला. 'आष्टीचा सुपुत्र निघाला समुद्रापार.' मोहनरावांचा फोटो मोठा, हात जोडलेला. माझा लहान. कोपऱ्यात पेंग्विन.

फ्लेक्सवाल्याला सांगितलं, हिंदी महासागरात विषुववृत्ताजवळ पेंग्विन नसतो. तो म्हणाला, सर, पक्षीच पाहिजे होता ना. हा उभा राहतो, कडेला बसतो. बाकीचे पंख पसरतात, मंग साहेबांच्या तोंडावर येतात.

मोहनरावांनी निरोप समारंभाची तारीखही काढली. चार एप्रिल. त्यांना हो म्हणालो. तोवर सगळे टप्पे होतील.

१२ मार्च

संस्थेने पोहतानाचा व्हिडिओ मागितला. चांगली गोष्ट आहे. निवड पक्की झाल्याशिवाय कोण एवढं विचारतं?

अल्ताफच्या ओळखीच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. कमरेला दोर, पाठीला रिकामं प्लॅस्टिकचं कॅन. दोराचं टोक अल्ताफच्या हातात. आज फक्त पायऱ्यांचा अभ्यास केला.

१६ मार्च

उत्तम प्रगती. डोकं सतत पाण्याबाहेर राहिलं. अल्ताफ म्हणतो ते कॅनमुळे. त्याला दिवसभर उपाशी राहून दोर ओढावा लागतो, म्हणून चिडचिड होत असावी. मधे एकदा म्हणाला, सर, तुमी पोहा, मी ओढीन. न्हाई तर मी ओढतो, तुमी पोहू नका. दोनी एकदम जमत न्हाई.

व्हिडिओ पाठवला. कॅन दिसतं, पण ते पिवळं आहे. समुद्रावर सुरक्षिततेसाठी पिवळाच रंग वापरतात.

२९ मार्च

पत्र आलं. निवड नाही. पण पत्र इतकं चांगलं लिहिलंय की दोनदा वाचल्यावर कळलं. कारण म्हणून पोहण्याचा उल्लेख आहे. यातून त्यांचीच दृष्टी संकुचित असल्याचं दिसतं.

समारंभ तोंडावर आलाय. मोहनरावांनी शाल आणलेली आहे. उद्या जाऊन स्पष्ट सांगून टाकणार.

३० मार्च

आज पाडवा. सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये. उद्या.

३१ मार्च

आज ईद. अल्ताफकडे शीरखुर्मा. मोहनरावही तिथेच होते, दोनदा वाटी घेतली. इतक्या आनंदी माणसाला मधेच थांबवणं बरोबर नव्हतं.

अल्ताफला मात्र एकट्याला गाठून सांगितलं. त्याने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, धारूरच्या डोंगरामागं तलाव हाय, तिथं माझी मावशी, हजराबी खाला, तळ्याच्या पोटात टरबुजं लावती. मधी एक बेट हाय. पाखरं बी येतात. आष्टीचं कुणी तिकडं फिरकत न्हाई. सर, बेट ते बेट.

मी त्याला प्रवाळ आणि मुरूम यांतला फरक समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला.

रात्री विचार केला. ही फसवणूक नाही, ही पूर्वतयारी. पुढच्या वर्षी अर्जात 'निर्जन बेटाचा अनुभव' या रकान्यात लिहायला होईल. तीन महिन्यांनी रापून परत यायचं. वनमालालाही सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

४ एप्रिल

समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फेटा. मोहनराव भाषणात म्हणाले, आमचे सर जगाच्या टोकाला निघाले. आमी बी आता आष्टीपुरते ऱ्हायलो न्हाई. हितून पुढं सगळा जिल्हा आपला. टाळ्या जास्त त्यालाच पडल्या.

वनमालाने बॅगेत स्वेटर घातला. समुद्रावर स्वेटर लागत नाही म्हणालो. तिने तो आणखी खाली दाबला. निघताना ती अल्ताफच्या पिकअपशी उभी राहून त्याच्याशी बरंच बोलली. टरबुजाचा भाव विचारत असावी.

पुण्याला विमान आहे म्हणून नगरच्या रस्त्याने निघालो. लोक हात हलवत होते. दिसेनासे झाल्यावर गाडी वळवली. फेटा सीटखाली ठेवला.

५ एप्रिल. बेट.

पोचलो. मासे धरणाऱ्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून. अल्ताफ बांबूने ढकलत होता, मी कॅन बांधून मधे बसलो होतो.

चारी बाजूंनी पाणी. मधे मुरमाचा उंचवटा, एक बाभूळ. तिला ताडपत्री बांधली. काठ इतका लांब की हजराबी हात हलवते ते दिसतं, काय म्हणते ते ऐकू येत नाही. असंच एकांतवासाचं ठिकाण हवं होतं.

आणि पक्षी आहेत. नदी सुरय. काळी टोपी, पिवळी चोच, लांब शेपटी. कायद्याने संरक्षित. माझं स्वागत त्यांनी डोक्यावर सूर मारून केलं. टोपी पाण्यात गेली, अल्ताफने काढून दिली.

८ एप्रिल

जेवणाची सोय उत्तम. अल्ताफ इथून टरबुजं भरून आष्टीला नेतो, परत येताना माझा डबा आणतो. धारूरच्या एका बाईकडून घेतो म्हणे. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. अगदी वनमालासारखी. लसूणसुद्धा तसाच ठेचलेला. म्हणजे ही चव सगळ्या जिल्ह्यात एकच आहे. अभ्यासाचा विषय.

डबा जांभळ्या साडीच्या तुकड्यात बांधलेला असतो. आमच्याकडे तशी साडी होती. ते कापड फार चाललं होतं.

१२ एप्रिल

महत्त्वाची घटना. मुरमात जरासा खळगा, त्यात तीन अंडी. ना काडी ना कापूस. रंग इतका मातीसारखा की माझा पाय वितीवर होता. मादी ओरडत वर घिरट्या घालत होती, मी तिलाच गप्प बस म्हणत होतो.

भोवती दगडांचं कडं केलं. लांबून बघितलं तर फळ्यावरच्या कंकणद्वीपासारखंच दिसतं.

निश्चय: पिल्लं बाहेर येईपर्यंत पहारा. ऊन फार झालं तर मी सावलीला बसायचं, पण तोंड अंड्यांकडे ठेवायचं.

१३ एप्रिल, रविवार

'आष्टी मित्रमंडळ' ग्रुपवर पहिला फोटो टाकला. मी, टोपी, मागे अथांग पाणी. पाठवल्यावर लक्षात आलं, अथांग पाण्यात हजराबीची म्हैस बसली आहे.

ग्रुपवर विचारणा सुरू झाली. प्रसंगावधान राखून लिहिलं, ही समुद्रगाय, अतिसंरक्षित प्रजाती. कुणीतरी लिहिलं, सर, शिंगं दिसतात. मी लिहिलं, नर आहे. मोहनरावांनी नमस्काराचं चिन्ह पाठवलं. वनमालाने अंगठा.

संकट टळलं.

१४ एप्रिल

आजच्या डब्यातली चटणी फार खारट. धारूरच्या लोकांचा हात मिठाला जड आहे.

१८ एप्रिल

काठ जवळ दिसतो. कारण: हवा स्वच्छ आहे, धूळ खाली बसली आहे.

हजराबीचं बोलणंही ऐकू येतं आता. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे आठवीच्या पुस्तकात आहे. ती म्हणत होती, ओ मास्तर, पाणी हटायलंय. तिने भूगोल शिकलेला नाही.

२१ एप्रिल

मोहनरावांचा फोन. रेंज कशी काय येते विचारत होते. उपग्रह म्हणालो. तेवढ्यात काठावरच्या रस्त्याने एसटी गेली आणि ड्रायव्हरने म्हशींना हॉर्न दिला. जहाजाचा भोंगा आहे म्हणालो. मोहनराव म्हणाले, जहाज लई जवळून जातं की सर. मग त्यांना खोकला आला, फोन ठेवला.

२३ एप्रिल

अल्ताफ आज तराफ्यावरून अर्ध्यात उतरला आणि डबा डोक्यावर धरून चालत आला. पाणी कमरेएवढं. रोज ये-जा करून त्याची पाण्याची भीती गेलेली दिसते.

काठ आणखी जवळ. हवा आणखी स्वच्छ.

२६ एप्रिल

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग. ही व्याख्या आम्ही शिकवली, पण ती जरा जुनी आहे. आज तीन बाजूंनी पाणी आहे. चौथीकडे चिखल. चिखलातही पाणी असतं.

चौथ्या बाजूने दोन कुत्री आली. छत्री उघडून अंगावर गेलो. कुत्री पळाली, छत्री उलटी झाली. अंडी सुरक्षित.

पाठोपाठ हजराबी आली, चपला हातात घेऊन. अंडी बघून खाली बसली. म्हणाली, या अल्ला, एवढुशी अंडी, आन राखायला एवढा मोठा मास्तर. मग उठून बाभळीच्या काट्या आणल्या आणि माझ्या दगडांच्या बाहेर कुंपण करून दिलं. कुत्र्यांना दगडं कळत न्हाईत, म्हणाली.

मग विचारलं, मास्तर, घरी का जात न्हाई? बायको रुसली का?

नाही म्हणालो.

मंग लोक हसतील म्हून?

मी तिला प्रवाळ कसं वाढतं ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हंजे ते किडं बी एका जागी बसून घर बांधतात आन तिथंच अडकतात. तिला थोडक्यात सांगायला गेलो ही चूक झाली.

२८ एप्रिल

पाणी दक्षिणेला आहे. एका बाजूला तर आहे.

आज बेटावर आलेले: हजराबी, तिच्या म्हशी, मोटारसायकलवरून दोघे जण (रस्ता पुढे जातो का विचारत होते), शेळ्या. एकांतात थोडा व्यत्यय.

२९ एप्रिल

हजराबीने बातमी आणली. परवा महाराष्ट्र दिन. तलावातला गाळ काढायच्या कामाचा शुभारंभ. जेसीबी, ट्रॅक्टर, मांडव. जागा कडक म्हणून कार्यक्रम माझ्या उंचवट्यावर. नारळ फोडायला आष्टीचा मोठा माणूस येणार, जिल्हाभर हिंडतो म्हणे हल्ली.

नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

निर्णय: उद्या पहाटे निघायचं. पिकअपने नगर, तिथे लॉजवर महिनाभर. कुणाला कळायचं कारण नाही. पक्षी स्वतःची काळजी घ्यायला समर्थ असतात. लाखो वर्षं घेत आलेत.

दुपारी एका अंड्यावर बारीक तडा दिसला.

३० एप्रिल

बॅग भरली. अल्ताफ आला. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. जेसीबीवाला खाली उतरून जागा बघत होता. त्याला काट्या दाखवल्या. म्हणाला, काका, ट्रॅक्टरचा रस्ता हितूनच निघतो, बाकी सगळा चिखल. मला काय, साहेबांना विचारा.

साहेबांना विचारा म्हणजे कोण विचारणार?

अल्ताफ म्हणाला, सर, बसा गाडीत, आता कुणी न्हाई बघायला. मी दार उघडलं. आत टरबुजं होती, जागा होती. बसलो नाही. गुडघा दुखत होता.

अल्ताफने दार लावलं आणि बाभळीखाली येऊन बसला. त्याने एक टरबूज फोडलं.

अंड्याच्या आतून आवाज येतो. अगदी बारीक, घड्याळाला कान लावल्यासारखा.

१ मे, संध्याकाळी

शांतपणे लिहितो.

योजना अशी होती की गाड्या आल्या की हजराबीच्या काठावरच्या खोपीत जायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. गाड्या आल्या. मी खोपीतही गेलो. मग जेसीबी सुरू झाला आणि पक्षी ओरडायला लागले.

पुढचं नीट आठवत नाही. मी काट्यांच्या पुढे उभा होतो, हातात उलटी झालेली छत्री. समोर मोहनराव, हातात नारळ. मागे सगळी माणसं.

मोहनराव म्हणाले, सर, तुमी तर समुद्रात होता.

होय म्हणालो.

त्यांनी सावकाश चारी बाजूंना बघितलं. भेगाळलेला गाळ, ट्रॅक्टर, लांब डबक्यात म्हशी. म्हणाले, समुद्र कुठाय?

ओहोटी आहे, म्हणालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग मी जे बोललो ते ठरवलेलं नव्हतं. म्हणालो, मोहनराव, माझी निवड झाली नाही. मला पोहता येत नाही. मी महिनाभर इथेच आहे. तुम्हाला जे बोलायचं ते नंतर बोला, सगळ्यांसमोर बोला. पण इथे तीन अंडी आहेत, एकातून पिल्लू निघायलंय, गाडी इकडून नेऊ नका.

मोहनराव वाकले. काट्यांतून आत बराच वेळ बघत होते. नारळ कार्यकर्त्याकडे दिला आणि माईक मागून घेतला. म्हणाले, आमचे सर जगाच्या टोकावर होते. आपल्या जिल्ह्याची पाखरं वाचवायला ते तिथलं काम सोडून खास हिथं आले. कामाचा रस्ता पलीकडून करा. हितून एक चाक जाणार न्हाई.

टाळ्या झाल्या. स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांनी मला घातली. एका महिन्यात दोन शाली. इकडे दोन्ही वेळा उन्हाळाच.

जाताना कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, सर, ती समुद्रगाय तेवढी दाखवा की. आष्टीत लई नाव हाय तिचं.

मी म्हशींकडे बोट केलं.

४ मे, रविवार. आष्टी.

दोन दिवस राहून तिन्ही पिल्लं बाहेर आलेली बघितली. ती लगेच चालतात. वाळलेल्या गाळावर उभी राहिली तर पुन्हा दिसत नाहीत. कुत्र्यांकडे हजराबी बघते म्हणाली, पिल्लं उडाली की फोन करीन, आन मास्तर, बायकोला सलाम सांगा.

टरबुजांवर बसून आष्टीला आलो. स्टँडवर तोच फ्लेक्स, वर 'सहर्ष स्वागत' अशी पट्टी चिकटवलेली. पेंग्विन आहे.

गाड्यावर नेहमीची माणसं होती. मी तोंड उघडायच्या आत एकाने विचारलं, काय सर, भरती का ओहोटी? सगळे हसले. मग त्यानेच बाकावर सरकून जागा दिली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून ते विचारलं नाही. अल्ताफ गिऱ्हाइकात गुंतला होता, माझ्याकडे बघत नव्हता.

घरी आलो. वनमालाने बॅग ओढून घेतली. बॅगेतून रिकामे डबे काढले, घासले, पुसले आणि फळीवर त्यांच्या त्यांच्या जागी ठेवले. फळीवर नेमकी तेवढीच जागा मोकळी होती. जांभळा तुकडा धुऊन दोरीवर टाकला. मी सगळं बघत उभा होतो. स्वेटर तसाच घडी घातलेला निघाला.

जेवताना तिने एकच विचारलं. मधे एकदा चटणी खारट झाली होती का?

झाली होती, म्हणालो.

म्हणाली, त्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर तुमची ती समुद्रगाय आली होती. ठेचता ठेचता आठवलं, आन हसताना हातातलं सगळं मीठ सांडलं.